खुर्चीमागे उभं राहून

बुद्धिबळ स्पर्धेची शेवटची फेरी चालू होती. जिंकेल तिला करंडक. माझी बायको वसुधा पटावर वाकून चाल शोधत होती, तेवढ्यात समोरच्या जोशीबाई उठल्या आणि थेट तिच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. मला रागच आला.

"हे चालतं?" मी शेजारच्या गृहस्थांना हळूच विचारलं.

"चालतं हो. तिकडून पट कसा दिसतो, ते बघून येतात सगळेच."

थोड्या वेळानं वसुधाही तशीच उठून जोशीबाईंच्या मागे उभी राहून आली. एकमेकींना हरवायला बसलेल्या या बायका, पण दुसरीच्या जागेवरून बघायचा कंटाळा नाही. घरच्या भांडणात आम्ही मात्र आपापल्या खुर्च्या किती घट्ट धरून बसतो!

डाव वसुधानं जिंकला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला आमचा नेहमीचा वाद सुरू झाला. खिडकीचा पडदा मला उघडा हवा असतो, तिला बंद. मी कप खाली ठेवला आणि तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. ऊन सरळ डोळ्यांत आलं.

"काय बघताय?" तिनं विचारलं.

"तुझ्या बाजूचा पट," मी म्हणालो आणि पडदा ओढून घेतला.