आपल्या संस्थानातला समुद्र

माझ्या सासऱ्यांना समुद्र पाहायचा होता. फक्त तो आपल्या संस्थानातला हवा, एवढीच त्यांची अट होती.

बडोदे संस्थान त्यांच्या जन्माआधीच विलीन झालं, हे त्यांना माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि मान्य असणं वेगळं. त्यांचे आजोबा संस्थानाच्या पलटणीत शिपाई होते. हे मला लग्न ठरलं तेव्हा सांगितलं होतं. त्यानंतरच्या दिवाळीत आजोबा हवालदार झाले, पुढे जमादार झाले, आणि हल्ली शेजाऱ्यांकडे विषय निघाला की ते घोड्यावरच असतात. स्वतः सासरे जन्मभर प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात इंजिनं उघडून जोडत होते. त्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. स्वतःच्या घामाचं कौतुक नाही, आणि आजोबांनी कुठल्याशा दरवाजावर उभं राहून दिलेल्या पहाऱ्याचं एवढं! बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळींत हा आजार घरोघरी आहे. कोणाचे पूर्वज दफ्तरात होते, कोणाचे फौजेत. आज नातू गाड्यांचे विमे विकत असेल, पण बोलताना म्हणणार, "आम्ही मूळ राजवाड्याकडचे."

मी मूळ कुठलाच नाही. हिंगोलीकडचा, आठवीत शाळा सोडलेला. गावातल्या एकाच्या मागे लागून बडोद्याला आलो, मकरपुऱ्यातल्या कारखान्यात लेथवर उभा राहिलो आणि सासऱ्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहू लागलो. तिथे मला कावीळ झाली तेव्हा त्यांच्या घरातून पेज यायची. पुढे त्याच घरातून बायकोही आली. आता मला सांगा, अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? लोकांना देवाचा धाक असतो, मला उपकाराचा आहे. मामा (सासऱ्यांना मी मामा म्हणतो) म्हणाले, पंखा बंद करा, तर मी माझ्याच घरातला पंखा बंद करतो आणि घाम पुसत म्हणतो, "खरंय, गारवा आहे आज."

तर सहल. ती मुळात मुलांची होती. मुलगी चौथीत, मुलगा पहिलीत, दोघांनी समुद्र फोनवरच पाहिलेला. खरं तर मीसुद्धा. मुलीला समुद्रात डुंबायचं होतं. तिने मैत्रिणीचा पोहण्याचा पोशाख मागून आणला आणि बडोद्यातलं, समा भागातलं घर सोडल्यापासून तो फ्रॉकच्या आत घालूनच बसली. आई ओरडली तर म्हणे, "रस्त्यात मध्येच दरियो आला तर?" आमची मुलं समुद्राला दरियो म्हणतात आणि आईच्या वडिलांना नाना. गुजराती शाळेत जातात, घरी मराठी बोलतात, आणि भांडण हिंदीत करतात.

सासूबाई गुडघ्यांमुळे आल्या नाहीत. त्यांनी ठेपले, सुखडी आणि लोणच्याची बरणी इतकी बांधून दिली, की वाटेत लढाई लागली असती तरी आम्ही महिनाभर तग धरला असता. गाडी माझीच, जुनी घेतलेली. मी निघण्याआधी चारही टायरांना हात लावला, लायसन्स आहे का पाहिलं, त्याची झेरॉक्स आहे का पाहिलं, आणि मग परत टायर. मामा पुढच्या सीटवर बसून म्हणाले, "जावईबापू, आपण मोहिमेवर नाही चाललो." आणि लगेच मोहीम सांगितली. आधी अमरेली, मग कोडीनार. दोन्ही आपली, म्हणजे बडोदे संस्थानातली.

अमरेलीला समुद्र नाही. हे मी आधी नकाशात पाहिलं होतं, बोललो नाही. तिथे एका बंद फाटकासमोर आम्हाला ओळीने उभं करून मामांनी फोटो काढायला लावला. "आपली कचेरी," ते म्हणाले. आतून रखवालदाराने विचारलं, कोण पाहिजे? मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनीच त्याला नोकरीवर ठेवला होता. मुलाने विचारलं, "नाना, दरियो क्यां?"

"उद्या. कोडीनारला. आपला समुद्र."

दुसऱ्या दिवशी कोडीनारच्या पुढे आम्ही ज्या किनाऱ्यावर पोचलो तिथे बोटी ओढून ठेवल्या होत्या, मासळी वाळत घातली होती आणि पाणी फार लांब, काळ्या खडकांच्या आणि चिखलाच्या पलीकडे चकाकत होतं. मुलाने नाक दाबलं. मुलगी मात्र फ्रॉकची बटणं सोडायला लागली. जाळं विणत बसलेला एक म्हातारा म्हणाला, "बेन, अहीं न नवाय. पग कपाशे. सोमनाथ बाजू जाव." इथे आंघोळ करू नका, पाय कापतील, सोमनाथकडे जा.

"सोमनाथ जुनागढचं," मामा म्हणाले.

म्हाताऱ्याला काही कळलं नाही. तो म्हणाला, "हा, पण दरियो तो सारो छे." पण समुद्र तर चांगला आहे.

मामा छाती काढून त्या चिखलाकडे पाहत राहिले. आजोबांची पलटण याच भागात होती म्हणे. मुलीने बटणं परत लावली. एकेक करून, वरून खाली. मला ते बघवलं नाही, म्हणून मी जाऊन टायरांना हात लावला.

परतीला मामा म्हणत होते, आल्या वाटेनेच जाऊ. पण बायको पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाली, "नाही हं बाबा. पोरबंदरपर्यंत किनाऱ्याच्या रस्त्याने जायचं आणि तिथून राजकोटवरून घरी. निदान गाडीतून तरी बघू देत." मामा म्हणाले, "गाडीतून बघायला काय हरकत आहे." परक्याचं घर दारातून बघावं तसं.

मग सुरू झाला तो रस्ता. नारळीची झाडं, पवनचक्क्या, आणि त्यांच्या मागून अधूनमधून निळी पट्टी. आणि मामांचा इतिहास.

"हे वेरावळ. जुनागढच्या नवाबाचं."

"नाना, थांबू ने?"

"हे चोरवाड. तेही नवाबाचं."

"नाना, ते लोक बघा ने, ते तर नहाताहेत!"

"नहाऊ देत. त्यांचा असेल."

मुलगा म्हणाला, "नवाब कुठेय?" मामा म्हणाले, गेला पाकिस्तानात. "मग त्याला कसं कळणार?" यावर मामांनी त्याला सुखडीचा मोठा तुकडा दिला. आमच्या घरात अवघड प्रश्नाला हेच उत्तर आहे.

मी सगळ्याला हो हो करत गाडी चालवत होतो. ट्रक मागून हॉर्न देत होते. सोमवारी सकाळी मला मशीनवर उभं राहायचं होतं, आणि पोरबंदर आलं की रस्ता समुद्राला पाठ दाखवणार होता. मुलीने हे विचारून घेतलं होतं. "पोरबंदर पछी दरियो नथी ने?" नाही, म्हटलं. मग ती रडली नाही, चिडली नाही. थोड्या वेळाने मागून फक्त म्हणाली, "पप्पा, गाडी तुम्ही चालवता ना?"

"हो, का गं?"

"काही नाही. मला वाटलं नाना चालवतात."

बायको खिडकीबाहेर बघत होती, पण आरशात तिचं हसणं मला दिसलं. ते हसणं माझ्या बाजूचं नव्हतं.

माधवपूरला रस्ता समुद्राच्या इतका जवळ येतो, की मला आपोआप स्टिअरिंग घट्ट धरावंसं वाटलं. डाव्या हाताला वाळू आणि लगेच पाणी. निळं, मोठं, आणि आवाज करणारं. फोनमध्ये तो आवाज येत नाही. शहाळ्यांच्या टपऱ्या लागल्या होत्या. मामांनी घसा साफ केला. "हे पोरबंदरचं—"

आणि मी गाडी कडेला घेतली.

इथे मी म्हणायला हवं होतं की मामा, मुलांना पाण्यात जायचंय, आपण थांबतोय. साधं वाक्य आहे. आठवीत शाळा सोडलेल्यालाही जमेल. मी म्हणालो, "मामा, गाडी गरम झाली."

मामांनी वाकून माझ्यासमोरच्या तापमानाच्या काट्याकडे पाहिलं. काटा मध्यावर, गाईसारखा शांत. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या कपाळावर घाम होता. गरम मीच झालो होतो. ते उतरले, बॉनेट उघडायला लावलं, रेडिएटरजवळ हात नेला, पाण्याच्या नळीवरून बोट फिरवलं, पंख्याकडे कान दिला. मला वाटलं, संपलं. या माणसाच्या पेजेवर मी जगलो आणि याच्यासमोर इंजिनाबद्दल खोटं बोललो.

"हं," मामा म्हणाले. "गरम झालीये. तास तरी थांबावं लागेल."

मुलं गाडीतून उडाली की सांडली, मला कळलं नाही. फ्रॉक वाळूत पडला होता. बायको साडी खोचून त्यांच्या मागे धावत होती, "गुडघ्याच्या पुढे नाही! हात सोडायचा नाही!" म्हणत.

खोटं बोललं की त्याला मदत करणारे लगेच येतात. शहाळेवाल्याने विचारलं, शुं थयुं? मामांनी गंभीरपणे सांगितलं, "जमाईनी गाडी गरम थई गई." त्याने लगेच फोन करून गॅरेजवाला बोलावला. तो मोटारसायकलवर पाण्याचा कॅन घेऊन आला, बॉनेटमध्ये डोकं घालून बराच वेळ हुंगला आणि म्हणाला, "काका, आमां तो कंई नथी." यात तर काहीच नाही.

मामा ताठ झाले. "तमे रेवा दो," ते म्हणाले. राहू द्या तुम्ही. आणि माझ्याकडे वळून मराठीत, "पोरबंदरच्या लोकांना इंजिनातलं काय कळतं?" बिचारा गॅरेजवाला शहाळं पिऊन परत गेला. मामांनी मग सीटवरची सतरंजी काढून बॉनेटच्या सावलीत टाकली आणि इंजिनासमोर असे बसले, जसे आजोबा दरवाजासमोर पहाऱ्याला उभे राहत असतील. समुद्राकडे पाठ करून. पण ती पाठही पूर्ण नव्हती, जरा तिरपी होती. पोरगी किंचाळली की मान वळायची.

बऱ्याच वेळाने मुलगी निथळत आली, केसांत वाळू, ओठ निळे. "नाना, गाडी झाली का गार?"

मामांनी बॉनेटवर तळवा ठेवला. एवढ्या उन्हात उभा असलेला पत्रा, तो कशाला गार असणार?

"अजून नाही. जा."

ती पळाली. मी बाजूला उभा होतो, हातात पाण्याची बाटली, न जाणो इंजिनावर टाकायला लागली तर. मामांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"आणि तुम्ही इथे काय करताय, जावईबापू? इंजिनाजवळ मी आहे ना."

मी खाली बसलो आणि बुटांच्या नाड्या सोडू लागलो.