इंदूच्या केकवरची मेणबत्ती

काकीआजी गेल्याचं मी फोनवर सांगितलं, तेव्हा तुम्हा नातवंडांतल्या धाकटीने विचारलं, "तिला केक आवडायचा नाही ना गं?" तुमच्या वाढदिवसांना ती स्वयंपाकघरातून बाहेर येत नसे, म्हणून तसं वाटणं साहजिक आहे. तेव्हा मी विषय बदलला. आता तीन आठवडे झाले, म्हणून लिहिते.

इंदू, म्हणजे तुमची काकीआजी, माझी धाकटी जाऊ. कल्याणच्या घरात आम्ही पाठोपाठ आलो. एकोणपन्नास साली तिचे यजमान विषमज्वराने गेले, तेव्हा तिचा एकुलता एक विनू दोन वर्षांचा होता. आमच्याकडे वाढदिवस तिथीने होई. सकाळी तेल-उटणं, मग पाटावर बसवून औक्षण, आणि जेवणात खीर. औक्षण सवाष्णीनेच करायचं, त्यामुळे विनूला मी ओवाळी आणि त्याची आई दाराआडून बघे...

पुढे ती मुलींच्या शाळेत शिकवू लागली. तिथल्या एका ख्रिस्ती बाईंनी तिला बिनअंड्याचा केक शिकवला. विनूच्या पाचव्या वाढदिवसाला तिने शहाडहून नदीची वाळू आणवली, धुऊन उन्हात वाळवली. पातेल्यात वाळू, वाळूवर डबा, झाकणावर निखारे. साखर रेशनची, चहातून वाचवलेली. मी इंग्रजी मासिकात वाचलेलं तिला सांगितलं, की मेणबत्त्यांची चाल मूळची जर्मन लोकांची. मुलाच्या वयाइतक्या लावतात आणि वर एक जादा, येणाऱ्या वर्षासाठी. ते तिला फार आवडलं. म्हणाली, "वहिनी, केकला सवाष्ण लागते असं कुठल्या पोथीत लिहिलंय? इथे माझा हात चालेल की." आणि हसली. यजमान गेल्यानंतर तिला हसताना मी प्रथमच पाहत होते.

संध्याकाळी विनू केकसमोर बसला. इंदूने काडी ओढली. सासूबाई माजघरातून शांतपणे म्हणाल्या, "इंदू, काडी तिच्याकडे दे. मेणाची झाली तरी ज्योतच ती."

त्या दुष्ट नव्हत्या, नातवाला जपत होत्या. इंदूने जळती काडी माझ्या हातात दिली. सहाही मेणबत्त्या मी लावल्या. विझवायला कुणी दिलं नाही, त्या जळून संपल्या आणि मेण केकात उतरलं.

"मेणाचा भाग आजीला दे," विनू म्हणाला. सासूबाईसुद्धा हसल्या.

त्यानंतर दरवर्षी इंदू केक करी, एक जादा धरून मेणबत्त्या खोवी आणि कुणी सांगायच्या आत काडेपेटी माझ्या हातात ठेवी. सासूबाई गेल्या, त्या वर्षी मी ती पेटी तिच्यापुढे केली. म्हटलं, "आता लाव गं. कोण बोलणार आहे?"

"नको वहिनी. तुमचाच हात बरा," ती म्हणाली. "उगीच त्याला काही झालं तर..."

विनू दहा वर्षांचा होऊन चारच महिने झाले होते. घटसर्प झाला. मुंबईच्या इस्पितळात नेईपर्यंत उशीर झाला होता. त्याच्या दहाव्या केकवर अकरा मेणबत्त्या होत्या.

सुतक फिटल्यावर इंदूने मला विचारलं, "वहिनी, मी कधी मेणबत्ती लावली नव्हती ना?"

"नाही गं. एकदाही नाही."

"पहिल्या वर्षी काडी मी ओढली होती," ती म्हणाली. "लावली नाही, पण ओढली होती."

मी इतकी शिकलेली, घटसर्प कशाने होतो ते तिला सांगत बसले. पुढे कितीदा समजावलं, ती ऐकून घेई आणि उठून कामाला लागे. केक तिने पुन्हा केला नाही. स्टोव्ह ती रोज पेटवायची, मेणबत्ती मात्र कधी नाही. वीज गेली की अंधारात चाचपडत यायची, मेणबत्ती आणि काडेपेटी माझ्या हातात द्यायची आणि मी लावेपर्यंत शेजारी उभी राहायची. माझं कुंकू गेल्यावरही तिने हा नेम मोडला नाही.

परवा संध्याकाळी वीज गेली. काडेपेटी कुठे असते ते मला ठाऊक आहे, स्टोव्हच्या वरच्या फळीवर. सवयीने मी हात पुढे केला... आणि वीज येईपर्यंत तशीच अंधारात बसून राहिले.