शामरावांच्या रोपांवर मी दिलेला निकाल

सांगतो, पण आधी हसून घ्या. मधे हसलात तर पुढचं सांगवत नाही मला.

नागपुरात एका प्रयोगशाळेत मी वीस वर्षं जेलीच्या वडीतून डीएनए पळवला. वीज सोडायची, लहान तुकडे पुढे, मोठे मागे. डोळे मिटून करायचो. डोक्यात हवा जायला आणखी काय लागतं?

आमच्या प्रयोगशाळेतली वैशाली भिवापूरची. तिच्या बाबांच्या मिरचीवर मर रोग आला. रोपं दिली होती शेजारच्या शामरावांनी, बाबांच्या लंगोटीयारानं. रोग त्यांच्याच रोपांतून आला का? ते पाहायला वैशालीनं दोन्हीकडच्या, रोग पसरवणाऱ्या जिवाणूंच्या डीएनएचे लांबच लांब तुकडे नव्या मशीनवर लावले आणि बहिणीच्या साखरपुड्याला गावी गेली. तुकड्यांचे पट्टे जुळले तर रोग एकच.

बघतो तर काय, मशीन विजेची दिशा सारखी बदलतंय! म्हटलं, बिघडलं. दिशा बदलणं बंदच करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी वडीचा फोटो काढला, तर सगळीकडे एकच पट्टा. तेवढ्यात वैशालीच्या बाबांचा प्रयोगशाळेत फोन.

"काय निंगालं जी?"

"दोन्ही एकच! रोग शामरावांकडचाच!"

मला कोणी विचारलं होतं हो निकाल द्यायला?

वैशाली परतली ती रडवेली. "काका, बाबा शामरावकाकांले चार लोकांत वाट्टेल ते बोलले. जन्माची दोस्ती तुटली."

मी ऐटीत फोटो पुढे केला. तिनं तो उजेडात धरला.

"दिशा काहून थांबवली तुम्ही? लांब तुकडे सरळ रस्त्यानं सारे एकाच वेगानं सरपटतात. इतवारीच्या गल्लीत सायकल अन् पाइपांचा ठेला सरळ जाताना बरोबरच चालतात ना? वळवलं की ठेला अडकते. म्हणून तर मशीन वळवत राहते! अन् हा मार्कर पाहा. यात मुद्दाम वेगवेगळ्या लांबीचे तुकडे असतात, तोबी एकच पट्टा. यालेबी शामरावकाकांच्या रोपांतून मर लागली का?"

तिनं पुन्हा सगळं लावलं. दोन्हीकडचे पट्टे साफ वेगळे निघाले. शामराव निर्दोष होते आणि मला रात्रभर झोप नाही. माझ्या शहाणपणापायी दोन म्हाताऱ्यांचं बोलणं तुटलं, याची फार लाज वाटली.

रविवारी तिच्यासोबत भिवापूरला गेलो. बाबांना मी फक्त फोनवर ओळखायचो. वैशालीनं निरोप धाडून दोघांना ओट्यावर बसवलं होतं. दोघांच्या खांद्यावर दुपट्टा, दोघांची तोंडं दोन दिशांना. ती आत पाणी आणायला वळली आणि मी सरळ एकाचे पाय धरले.

"शामरावजी, चूक माझी. तुमच्या मित्राला रागावू नका."

"मी वैशालीचा बाप आहो जी. शामराव तो."

शामरावांनी दुपट्टा झटकला. मग मित्राकडे वळून म्हणाले, "जाऊ दे गा, सोड राग. याले तर आपण दोघंबी एकच दिसतो!"