अडीच लिटर हेक्टरी

पलूसजवळच्या आमच्या गावात धोंडिराम तीस वर्षं लोकांच्या रानात औषध फवारतो. आमच्याकडं सगळं एकर आणि गुंठ्यात मोजतात. म्हणून जाहिरातीच्या कागदावर 'अडीच लिटरमध्ये तण साफ' ही मोठी अक्षरं पाहून त्यानं रंगूबाईच्या एकरभर कोवळ्या उसात अडीच लिटर तणनाशक मारलं. नंतर बांधावर बसून तो कागद त्यानं सहज मला दाखवला. खाली बारीक अक्षरात 'प्रति हेक्टर' होतं. माझंच चुकत असेल म्हणून मी दोनदा वाचलं, मग त्याला वाचून दाखवलं.

"आवं आप्पा, हेक्टर म्हंजी किती?"

"अडीच एकर."

त्याचे ओठ पांढरे पडले. "म्हंजी मी तिचा ऊस जाळला की!"

गप्प राहिला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण तो तसाच उठून रंगूबाईकडं गेला. मीही मागोमाग गेलो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"एवढी वर्सं फवारताय, आन् कागद वाचाया आज आठवलं व्हय? बसू नगा, आधी पाणी सोडा."

पानं पिवळी पडली. धोंडिरामचं जेवण सुटलं. रोज सकाळी जाऊन तो उसाच्या मधल्या पानांची सुरळी उकलून बघायचा. नवव्या दिवशी आतलं पान हिरवं निघालं. त्यानं मला हाताला धरून रानात नेलं.

"हिरवं हाय न्हवं, आप्पा? तुमीच सांगा. माझा माझ्यावर इस्वास न्हाई."