रंजिताच्या वाघिणी

तांड्यात बातमी पसरली ती चुकीचीच. सुखीबाईनं नळावर मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "माही सून फोटोतल्या वाघिणी ओळखते." ऐकणाऱ्या बायांना वाटलं, रंजिता राठोड जंगल खात्यात लागली. शेजारची लालीबाई तर संध्याकाळी घरीच आली. "आपल्या तुरीत पाय उमटले होते, ते कोणत्या वाघिणीचे व?"

रंजिताला हसू आवरेना. "काकी, मालगाडीच्या डब्याले वाघीण म्हणतात. मी त्या ओळखते."

"हात्तिच्या! डबे तं डबेच. त्यात ओळखाचं काय?"

हा प्रश्न रंजितालाही सुरुवातीला पडला होता. ती मुंबईला गेली होती, नागपूरला गेली होती, पण मालगाडीकडे तिनं कधी निरखून पाहिलं नव्हतं. आपली गाडी थांबवून ती पुढं काढली की सगळ्यांबरोबर आपणही चरफडायचं, एवढाच संबंध. बी.ए. झाल्यावर तिनं पोलीस भरतीची तयारी केली. धावण्यात ती सगळ्यांच्या पुढं राहिली, पण उंची कमी पडली. तरी ती घरी रडत बसली नाही. बाभुळगावात संगणक शिकली, फोटोंवर खुणा करायचं काम मिळवलं आणि तांड्याच्या समाजमंदिरातल्या खोलीत आणखी तीन बाया शेजारी बसवल्या.

काम साधं वाटायचं. पुण्याची एक कंपनी रुळांच्या कडेला कॅमेरे लावून जाणाऱ्या गाड्यांचे फोटो घ्यायची. वाघिणी आपोआप ओळखायला संगणकाला शिकवायचं होतं, आणि त्यासाठी आधी माणसानं प्रत्येक वाघिणीभोवती चौकट आखून तिचा प्रकार सांगायचा. धान्य, सिमेंट, खत नेणारी बंद. तेलाची टाकीवाली. कंटेनर ठेवायची सपाट. कोळशाची उघडी. रंजिताची नजर इतकी सरावली, की दरवाज्याची नुसती कड दिसली तरी ती प्रकार सांगायची.

आणि एके दिवशी कोळशाच्या गाड्यांचं सगळं काम परत आलं.

कंपनीतून काम पाहणारा अक्षय मूळचा वर्ध्याचा. त्याचा फोन आला. "रंजिताताई, तुम्ही सरसकट 'उघडी' लिहिलंय. त्यात हॉपर पण आहेत. वरून माल भरायचा आणि खालून सोडायचा, तशा."

"खालचं दिसतच नाही ना भाऊ. फोटो अंधारून आल्यावरचे हायेत."

"नमुन्याचं चित्र पाठवलं होतं की."

"ते रिकाम्या वाघिणीचं, भर उन्हातलं. अन् आपल्याकडची वाटत नाही ते."

अक्षयनं ते चित्र पुन्हा उघडून पाहिलं. "खरंय तुमचं. पण माझ्याकडे दुसरं चित्र नाही. अंदाजानं भरता का?"

"अंदाजानं नाही भरणार," रंजिता म्हणाली. "आम्ही चुकीचं शिकवलं तं तुमचा संगणक जलमभर चुकीचंच सांगन. मले थोडा वेळ द्या."

सोबतच्या बाया हिरमुसल्या होत्या. वैष्णवी म्हणाली, "ताई, हे काम सोडून देऊ. आधीच्या कामातल्या मोटारसायकलीच्या फोटोच बरे होते." रंजितानं लॅपटॉप मिटला. "फोटोत दिसत नाही तं डोयानं पाहून येऊ. रेल्वे काही लंडनले नाही, धामणगावले हाये."

सकाळच्या एसटीनं ती निघाली तेव्हा सुखीबाई आधीच पदर खोचून थांब्यावर उभी. "मीबी येतो. लोकं विचारतात, तं मले सांगता आलं पाह्यजे."

"याडी, दिवसभर बसा लागन," रंजिता म्हणाली. तांड्यातल्या बोलीत आईला याडी म्हणतात, आणि रंजिता सासूलाही याडीच म्हणायची.

"मंग बसू. कापूस वेचाले वाकूनच राह्यतो ना दिवसभर? इथं तं बाकडं हाये."

दोघींनी धामणगावला फलाटाची तिकिटं काढली आणि टोकाच्या बाकावर बसल्या. रेल्वेचा पोलीस चौकशीला आला. रंजितानं त्याला काम समजावून सांगितलं. तो म्हणाला, "पाहा, पण रुळाकडे उतरू नका, फोटो काढू नका." तिला फोटो नकोच होते. फोटो तिच्याकडे ढीगभर होते.

बंद डब्यांची एक गाडी धडधडत गेली. मग टाक्यांची. सुखीबाई शेंगदाणे सोलत प्रत्येकीचं नाव विचारत होती. दुपार कलली तेव्हा कोळशाची एक गाडी शेजारच्या रुळावर येऊन थांबली, आणि मागून येणारी एक्स्प्रेस पुढं निघून गेली. रंजिता उठून फलाटाच्या कडेनं हळूहळू चालू लागली. वर पाहिलं तर सगळीकडे कोळसाच. ही गाडीही उघड्या वाघिणींचीच वाटत होती.

मागून सुखीबाईचा आवाज आला. "काहून व, याले खाली चाडं हाये?"

रंजिता वळली. पेरताना तिफणीच्या ज्या चाड्यात बी सोडतात, तसाच आकार वाघिणीच्या पोटाखाली लोंबत होता. वर रुंद, खाली निमुळता. सुखीबाईनं कितीतरी हंगाम त्यात मूठ सोडली होती.

"हेच हॉपर, याडी!"

"मंग माल खाली घसराले भिंती उतरत्या पाह्यजे. उभ्या भिंतीचा कोळसा कोपऱ्यातच राह्यन ना."

रंजितानं वाकून पाहिलं. वाघिणीच्या पुढच्या-मागच्या भिंती खरंच आत उतरत गेल्या होत्या, आणि त्या उताराखाली, चाकांच्या वर, तिकोनी मोकळी जागा राहिली होती. तिच्यातून पलीकडचं बाभळीचं झाड स्वच्छ दिसत होतं. साध्या उघड्या वाघिणीत तिथं सरळ पत्रा असतो. म्हणजे पोट अंधारात बुडालं, तरी त्या तिकोनातून आभाळाचा उजेड आरपार येणार.

घरी पोचल्या पोचल्या तिनं लॅपटॉप उघडला. पहिल्याच फोटोत, काळ्याकुट्ट डब्यांच्या टोकांशी, उजेडाच्या तिकोनी फटी ओळीनं लागल्या होत्या. इतके दिवस ती त्यांच्यावरूनच चौकट ओढत होती! तिनं वैष्णवीला हाक मारली. वैष्णवीनं डोळे बारीक केले, आणि मग बोटानं पडद्यावर एकेक दाखवू लागली. "हे हॉपर. हे पण. हे उघडी."

सगळं काम त्यांनी नव्यानं केलं. तरी काही फोटो असे होते की गाडीमागं टेकडी किंवा भिंत, उजेडाला वाटच नाही. रंजितानं अक्षयला सांगितलं, "यांच्यासाठी 'ओळख पटत नाही' असा वेगळा प्रकार द्या. काहीतरी लिहाचं म्हणून मी लिहिणार नाही."

"वर विचारावं लागेल, ताई."

"विचारा. म्या म्हटलं म्हणून सांगा."

त्यानं विचारलं. प्रकार मिळाला. काम मंजूर झालं, आणि नमुन्याच्या माहितीत तिकोनाची खूण चित्रासकट आली. पुढं कळंबला नवा गट सुरू करायचं ठरलं, तेव्हा अक्षयनं शिकवायला रंजितालाच बोलावलं.

कळंबच्या बाया वह्या-पेनं घेऊन बसल्या होत्या. रंजितानं त्या बाजूला ठेवायला सांगितल्या.

"उद्या सकायी पोळ्या बांधून आणा," ती म्हणाली. "आधी गाड्या पाहून येऊ."