मास्तरांची मधलीच दाद

दोन महान युगांना जोडणारा पूल, असं त्या पियानो कंचेर्तोबद्दल, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या त्या रचनेबद्दल, कार्यक्रमपत्रिकेत छापलं होतं. जुनी शिस्त सुटतेय, नवा मोकळेपणा अजून अंगवळणी पडलेला नाही, असं ते संगीत. आपण पूल आहोत हे ती रचना करणाऱ्या संगीतकाराला बहुधा ठाऊक नसावं.

वाद्यवृंदाबरोबर पहिल्यांदाच वाजवणारी अनघा आखडलेल्या बोटांनी पियानो वाजवत होती. संथ भागात एक सुरावट मात्र हळुवार वळली, आणि माझ्या शेजारी बसलेले तिचे हार्मोनियमचे जुने मास्तर मोठ्यानं म्हणाले, "वा, पोरी!"

माना वळल्या. मी कुजबुजलो, "मास्तर, इथे मध्येच दाद देत नाहीत."

"मग तिला कळणार कसं?"

अनघा हसली. पुढचं सगळं तिनं मोकळेपणानं वाजवलं. शेवटी अख्खं सभागृह उभं राहिलं. मास्तर तेवढे बसून होते. त्यांचे गुडघे दुखतात.