माझ्या पाळीला आत गेलेला यशवंत

यशवंत पगारे गेल्याचं मला लासलगावच्या मार्केट यार्डात कळलं. थोरल्या भावाचे कांदे घेऊन आम्ही गेलो होतो. लिलाव चालू होता, ट्रॅक्टरच्या रांगेत उभा होतो, तेवढ्यात आडत्याच्या दुकानातून हाक आली की नाशिकहून फोन आहे. पलीकडे आमच्या पथकातला जुना सहकारी होता. "पगारे गेला रे... झोपेतच." मी "बरं" म्हणालो आणि परत ट्रॅक्टरशी येऊन उभा राहिलो. कांद्याला काय भाव फुटला ते भाऊ पुन्हा पुन्हा सांगत होता, पण मला काही कळत नव्हतं. याला आता महिना होऊन गेला.

सातपूरच्या एका कारखान्याच्या अग्निशमन पथकात आम्ही दोघं एकदमच लागलो. मी निफाडकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. यशवंत नाशिकरोडच्या वस्तीत वाढलेला, तिथल्या लेझीम पथकाचा म्होरक्या. शिडीवर चढायचा तेही ठेक्यात. कारखान्याच्या दवाखान्यात पेंडसेबाई नावाच्या डॉक्टर नव्याने आल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं, की आगीत माणूस धुराने पडतो तसा उष्णतेनेही पडतो, आणि ते त्याचं त्याला कळत नाही. अंगावर जाड कोट, पाठीवर हवेची टाकी. घाम येतो पण सुकत नाही, उष्णता अंगातच कोंडते. म्हणून सरावाला त्या घड्याळ आणि थर्मामीटर घेऊन मैदानात येऊन बसायच्या. बाहेर आलेल्याने आधी बाकावर बसायचं, पाणी प्यायचं, बाई नाडी बघणार. ठोके उतरेपर्यंत पुन्हा आत जायचं नाही. आम्ही कुरकुरायचो. यशवंत मनगट पुढे करून विचारायचा, "बाई, लग्नाचा योग आहे का?" बाई हसायच्या, पण मनगट सोडायच्या नाहीत.

मग एका मे महिन्यात, भर दुपारी, शेजारच्या रंगाच्या गोदामाला आग लागली. रखवालदार आत अडकला होता. आम्ही जोडीजोडीने आत जात होतो. एकदा आत जाऊन मी बाहेर आलो तो डोकं गरगरत होतं. पुढची पाळीही माझीच होती, कारण गोदामाची मागची वाट मी पाहिलेली. बाईंनी मनगट धरलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही बसा." मी म्हटलं, मला काही होत नाहीये. "बसा म्हटलं ना!" यशवंत माझ्याआधी बाहेर आला होता, त्याची विश्रांती झाली होती, ठोकेही उतरले होते. त्याने टाकी पाठीवर चढवली. "वाट कशी आहे तेवढं सांग," म्हणाला. मी सांगितली... त्या वाटेने तो आत गेला.

रखवालदाराला त्याने ओढत बाहेर आणलं. बाई आणि बाकीचे सगळे त्या माणसाकडे धावले. यशवंत एकटा उभा होता. त्याने हेल्मेट काढलं, परत घातलं, परत काढलं. मग कुणाला तरी म्हणाला, "चला, बस चुकेल." दोघंतिघं हसले, नकला करायची त्याला सवयच होती. बाई वळल्या तेव्हा तो खाली कोसळला होता, अंग तव्यासारखं तापलेलं. आम्ही त्याच्यावर बादल्याच्या बादल्या ओतल्या, ओल्या पोत्यांत गुंडाळून जीपने इस्पितळात नेलं.

तो जगला. पण चालताना होडीत उभ्या असलेल्या माणसासारखा डोलायला लागला, आणि जीभ जड झाली ती कायमची. लेझीम संपली.

बाईंनी आपला नियम मोडला नव्हता. त्या नियमाने मी वाचलो. लोक हे मला समजावतात तेव्हा मला आणखीच अपराधी वाटतं. बाईंचंही तसंच होतं. मला एकदा म्हणाल्या, "त्याने बसचं काढलं, तेव्हाच मला ऐकू यायला हवं होतं." मग त्यांनीच व्यवस्थापनाशी भांडून यशवंतला पुन्हा पथकात आणलं. नाडी बघण्याइतका त्याचा हात स्थिर नव्हता. म्हणून त्याने बाकावर बसून बाहेर येणाऱ्याशी बोलायचं: आज वार कोणता, सकाळी काय खाल्लं. बोलणं भरकटलं की बाईंना हाक. एकदा सोमवारी एका नव्या गड्याने "रविवार" सांगितलं. यशवंतने त्याचा कोट दोन्ही हातांनी असा धरला की आम्हाला सोडवेना. त्या गड्यावर वेळेवर पाणी ओतलं गेलं. आज धडधाकट आहे.

यशवंतला मी रोज स्कूटरवर न्यायचो-आणायचो. लोक म्हणायचे, काय मैत्री आहे! मैत्री होतीच... पण तो मागे बसला की त्याचा हात माझ्या खांद्यावर थरथरायचा, आणि मी घर येण्याची वाट बघायचो. एकदा धीर करून म्हणालो, "यशवंता, ती पाळी माझी होती." तो बराच वेळ शब्द जुळवत राहिला. "म्हणजे मी... रांग... मोडली होय?" आणि स्वतःच हसत सुटला. त्यापुढे त्याने मला बोलू दिलं नाही.

परवा इंदिरानगरला त्याच्या घरी गेलो होतो. शांतावहिनींनी चहा केला. मी म्हटलं, "वहिनी, तुम्हाला माझा कधी राग आला नाही?"

"यायचा ना, भाऊजी. त्या दुपारचा नाही. तुम्ही दारातून सरळ चालत आत यायचात... त्याचा."

पलंगापासून दारापर्यंत भिंतीला कमरेइतक्या उंचीवर एक दोर बांधलेला आहे, यशवंतला धरून चालायला. त्याच्या तळव्याने तो काळा, गुळगुळीत झालाय. मुलगा तो सोडून टाकू म्हणतो, वहिनींनी राहू दिलाय. निघताना माझा हात आपसूक त्या दोराकडे गेला. वहिनी बघत होत्या. दारापर्यंत मी तो धरूनच चाललो.